उन्हाळ्याचे सहा आठवडे आणि बुधवार पेठ

एका मुलीचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगते. मुलगी अहिल्यानगर जिल्ह्यातली, बीएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला. मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाकडून मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत पुण्यातल्या एका ख्रिस्ती संस्थेत सेवेला येणार आहे. संस्था बुधवार पेठेतल्या देहविक्रीच्या धंद्यातल्या बायकांमध्ये काम करते. तिने तीन गोष्टी विचारल्यात: एवढ्या दिवसांत किती जणींची सुटका करता येईल, त्यांच्यापाशी प्रभूचा विषय कसा काढायचा, आणि घरचे घाबरलेत त्यांना काय सांगायचं.

तुला ‘तू’च म्हणते, माझी भाची तुझ्याएवढी आहे. मी या कामात आले ती २००१ च्या मे महिन्यात, तुझ्यासारखीच, सुट्टीपुरती. राहिले ती राहिलेच. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे: एकीचीही नाही. हिरमुसू नकोस. तुझ्या मनातला खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. सहा आठवड्यांनी निघून जाणाऱ्या माणसाने इथे असं काय करावं, जे त्याच्या पाठीमागे उसवणार नाही?

यातलं बरंचसं तुझी संस्था कशी आहे यावर ठरेल. काही संस्था फक्त मुलांचं पाळणाघर चालवतात, काही दवाखान्याचं काम करतात, काही पोलिसांबरोबर छाप्यात जातात. मला बुधवार पेठ माहीत आहे, मुंबईचं कामाठीपुरा थोडंफार माहीत आहे. मिरज-सांगली, निपाणीकडचं देवदासींचं जग वेगळं, तिथले नियम इथे लावू नयेत. आणि हल्ली नव्या मुली गल्लीत कमी, लॉजवर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मोबाइलवरच्या धंद्यात जास्त असतात. म्हणजे तुला जे दिसेल तो या व्यवहाराचा जुना, उघडा भाग.

‘सुटका’ या शब्दाने मी स्वतः भाजलेली आहे, ते सांगते.

पेठेतले जिने तू बघशीलच. दिवसासुद्धा अंधार, पायऱ्या लाकडी आणि उभ्या, आधाराला वरून सोडलेला दोर, आणि तो दोर शेकडो हातांनी काळा तुळतुळीत झालेला. अशाच एका वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी तांदूळ निवडत बसलेली असायची. बारीक अंगाची, दोन वेण्या, कोपरं टोकदार. पंधराचीच असेल असं मी मनाशी धरलं. तिच्याशी माझं बोलणं किती? ‘जेवलीस का’ एवढंच. मी तळमळले, रात्री प्रार्थनेत रडले आणि दुसऱ्या दिवशी वरच्यांना सांगितलं: तिथे अल्पवयीन मुलगी आहे. आठवड्याने छापा पडला. अकरा बायका गाडीत भरून नेल्या.

ती २१ वर्षांची निघाली. तिला तीन वर्षांचा मुलगा होता, तो दुपारी शेजारच्या वाड्यात एका म्हातारीकडे असायचा. हे छाप्याच्या वेळी कुणी विचारलं नाही, ती ओरडून सांगत होती ते कुणी ऐकलं नाही. पोराची आणि तिची गाठ पडायला तीन आठवडे गेले. ती कित्येक महिने सुधारगृहात राहिली आणि शेवटी ‘घरच्यांच्या ताब्यात’ दिली गेली. घरचा माणूस म्हणून जो मामा सही करायला आला, त्यानेच तिला पहिल्यांदा पुण्याला आणलं होतं. पुढच्या पावसाळ्यात ती त्याच जिन्यावर परत. घरवालीने, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईने, वकिलाचे, धावपळीचे सगळे पैसे तिच्या नावावर मांडून ठेवले होते, कर्ज आधीपेक्षा जास्त. मला बघून ती चिडलीसुद्धा नाही. ‘ताई, माझं वय मलाच विचारायचं ना,’ एवढंच म्हणाली आणि सूप पुढे ओढलं.

हे का घडलं, ते समजायला इथला हिशेब कळायला हवा. मुलगी इथे येते ती बहुतेकदा ओळखीच्याच माणसाबरोबर: मावशी, मामा, शेजारीण, लग्नाचं वचन दिलेला पोरगा. घरवालीने तिच्यापायी मोजलेली रक्कम तिच्या डोक्यावर कर्ज म्हणून चढते. ते फिटेपर्यंत तिच्या हातात काही नाही, बाहेर जायची मुभा नाही. जेवणखाण, साडी, डॉक्टर, सगळं त्याच वहीत. फिटलं की अधिया, म्हणजे निम्मे घरवालीचे आणि निम्मे तिचे. आणखी काही वर्षांनी नुसतं पलंगाचं किंवा खोलीचं भाडं देऊन स्वतःच्या हिशेबाने राहायचं. एकाच मजल्यावर, एकाच चुलीभोवती या तिन्ही तऱ्हेच्या बायका बसलेल्या असतात. जिला विकून आणलंय ती, जी कर्ज फेडून अर्ध्यावर आलीय ती, आणि जी आता गावाकडे भावाच्या घराचे हप्ते भरतेय ती. तोंडाकडे बघून त्यातली कोण कोणती हे मला आजही ओळखता येत नाही. तुला पहिल्या आठवड्यात ओळखता आलं असं वाटलं, तर तेवढं स्वतःपाशीच तपासून घे.

कायद्यातही हा फरक आहे, आणि बीएसडब्ल्यूच्या मुलीला तो तोंडपाठ हवा. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे ज्याला सगळे ‘पिटा’ म्हणतात त्यात, प्रौढ बाईने स्वतः देहविक्री करणं हा मुळात गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, त्या कमाईवर जगणं, मुलगी आणणं-पुरवणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. २०२० च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तीन प्रौढ मुलींना सुधारगृहातून सोडताना हेच सांगितलं. १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात आपण नेमलेल्या समितीच्या शिफारशी आदेशात मांडल्या, त्यांत हे होतं: छाप्यात स्वेच्छेने असलेल्या बाईला पकडू नये, त्रास देऊ नये, आणि आई धंद्यात आहे एवढ्याच कारणाने पोर तिच्यापासून तोडू नये. पण या दोन शिफारशींवर केंद्र सरकारची हरकत होती, म्हणून त्या सक्तीच्या निर्देशांत आल्या नाहीत. आमच्या त्या पोराच्या वेळी एवढंही नव्हतं. असतं तर पाळलं गेलं असतं का, ते वेगळं.

आता याची दुसरी बाजू, ती वाचल्याशिवाय थांबू नकोस. अठराच्या आतली मुलगी असेल तर तिथे स्वेच्छा वगैरे काही नसतं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात तर कळवणं हे कुणाच्या मर्जीवर ठेवलेलंच नाही. नुसती शंका आली तरी कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. मी चूक केली ती कळवण्यात नाही. मी डोळ्यांवर विसंबले, तिच्याबद्दल काहीही माहीत करून घेतलं नाही, आणि बरोबरच्या जुन्या कार्यकर्तीला, जी तिला वर्षभर ओळखत होती, तिला विचारलंही नाही. तुला शंका आली तर त्याच दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आत, तुझ्या वरच्या ताईंना सांग. त्यांनी हालचाल केली नाही तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, तातडीच्या मदतीचा ११२ आहे. पण जिन्यावर, चारचौघींसमोर त्या मुलीला ‘तुझं वय काय’ असं विचारू नकोस. तू खाली उतरायच्या आत ती दुसऱ्या घरी, कदाचित दुसऱ्या गावी गेलेली असेल. आणि हो, वेळेवर गेलेल्या एका फोनमुळे बाहेर पडलेली, आज नर्सिंग केलेली मुलगीही मला माहीत आहे. म्हणून छापा म्हणजे वाईटच, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

मग तू करायचं काय? इथे मला खरंच उत्साह येतो, कारण मे-जून हे पेठेतले असे दोन महिने आहेत की सुट्टीत आलेल्या माणसाची नेमकी गरज असते.

शाळा बंद म्हणजे पोरं दिवसभर खोलीत. पत्रा तापलेला, पंखा गरम हवा फेकतोय, पलंगाला पडदा लावलेला. गिऱ्हाईक आलं की पोराने जिन्यात जाऊन बसायचं, किंवा आईने त्याच्या हातात मोबाइल द्यायचा. एरवी शाळेचे पाच तास तरी ते पोर सुरक्षित असतं, मेमध्ये ते पाच तास नाहीत. मुंबईत प्रेरणा या संस्थेने ऐंशीच्या दशकात कामाठीपुऱ्यात मुलांसाठी रात्रीचं केंद्र सुरू केलं, ते याच विचाराने: धंद्याच्या वेळात पोर खोलीबाहेर, सुरक्षित जागी झोपलं पाहिजे. पुढच्या पिढीचं धंद्यात ओढलं जाणं तिथेच थांबतं. मंडळीत तू डीव्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, घेतली असशील, गाणी, कागदकाम, पाठांतर, धावपळ. तेच कौशल्य इथे कामाला येतं, आणि आमच्याकडे पगारी माणसं मेमध्ये निम्मी रजेवर असतात.

दुसरं काम कागदांचं. रुक्ष वाटेल, पण माझ्या लेखी या कामासारखी सेवा नाही. एका बाईबरोबर मी पोरीच्या पहिलीच्या प्रवेशाला गेले होते. फॉर्मवर वडिलांचं नाव हा रकाना आला आणि ती पेन धरून बसून राहिली. मागे रांग. टेबलामागच्या बाईंनी जरा मोठ्यानेच विचारलं, ‘अहो, नाव लिहा ना.’ तिने मान खाली घालून तिथल्या तिथे एक नाव बनवून लिहिलं, समोर भिंतीवर ज्याचा फोटो होता त्या पुढाऱ्याचं. मी हसूही शकले नाही, रडूही शकले नाही. पुढे दहावीला ते नाव बदलायला आम्हाला किती खेटे पडले ते विचारू नकोस. खरं तर एकट्या आईला बापाचं नाव न देता नुसत्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला मिळू शकतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच तसं सांगितलंय. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेने प्रवेश नाकारायचा नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे. वर सांगितलेल्या कर्मास्कर प्रकरणातच पत्त्याचा पुरावा नसलेल्या बायकांना आधार मिळावं म्हणून एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची वाट काढून दिलीय. हे सगळं कागदावर आहे. खिडकीपाशी ते शांतपणे सांगणारं, दोनदा परत पाठवलं तरी तिसऱ्यांदा जाणारं माणूस मात्र हवं. त्या बाईला ते जमत नाही, कारण खिडकीतल्या माणसाने ‘राहता कुठे’ विचारलं की तिचा आवाजच जातो.

तेव्हा असं बघ: मेमध्ये दाखले, बाल संगोपन योजनेचे अर्ज, ससूनच्या ओपीडीत कुणाबरोबर तरी बसणं. जूनमध्ये प्रवेश आणि मग अप्पा बळवंत चौकातली वह्या-पुस्तकांची गर्दी. पेठेपासून हाकेच्या अंतरावर आहे तो चौक. पोराला घेऊन आई स्वतः दुकानात जाते, कव्हरवरचं चित्र तो निवडतो, पैसे ती मोजते. पैसे तू द्यायचे नाहीत. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि तुझी गाडीही त्याच सुमारास आहे. एका पोराचा प्रवेश पक्का करून तू गेलीस तर ते तुझ्या पाठीमागे उसवत नाही.

वेळांचंही सांगते. सकाळी अकराच्या आधी वर जाऊ नकोस, बायका रात्रभर जागलेल्या असतात. बारा ते चार बरं: आंघोळी झालेल्या, कुणी केस विंचरतंय, कुणी भाकरी थापतंय. संध्याकाळी दारात उभं राहून बोलत बसायचं नाही, तो तिचा धंद्याचा वेळ. तुझ्यामुळे गिऱ्हाईक गेलं तर त्या दिवसाचा तोटा तिच्या वहीत चढतो. मेमध्ये बऱ्याच जणी लग्नाकार्याला, जत्रेला गावी जातात. एखादी चार दिवस दिसली नाही की लगेच घाबरू नकोस. मात्र बरोबरच्या जुन्या ताईला विचार.

आता प्रभूचा विषय. तू लिहिलंयस की त्यांना साक्ष द्यायची, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगायची ओढ आहे. मीही विश्वासणारी आहे, म्हणून मोकळेपणी बोलते. ज्या बाईच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी बदल्यात मिळते, तिला मदतीच्या मागोमाग प्रार्थना आली की ती काय समजेल? हाही एक हिशेब. ती हात जोडेल, डोळे मिटेल, ‘आमेन’ही म्हणेल. गिऱ्हाइकाला जे हवं ते म्हणायची तिला सवय आहे. तसलं आमेन तुला हवंय का? म्हणून आमच्याकडे नियम आहे: दवाखाना, शाळा, रेशन, कागद यांच्या वेळेत धर्माचा विषय आपण काढायचा नाही. तिने विचारलं तर खरं उत्तर द्यायचं. ‘ताई, तुम्ही रोज येता, तुम्हाला काय मिळतं?’ हे तर विचारतातच. शुक्रवारची प्रार्थना वेगळ्या जागी असते, यायचं ती येते. तिथे कोण येतं आणि कोण येत नाही, याची नोंद ठेवत नाही.

हा पेच आपल्याकडे नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, १८९० मध्ये ते पुण्यात आणलं. त्या स्वतः ख्रिस्ती, सदन मात्र धर्माच्या बाबतीत मोकळं ठेवायचं असं ठरलेलं. मुली त्यांच्या खासगी प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या. पोरक्या मुलींवर दलालांचा डोळा आहे हे त्यांनी पाहिलं आणि शेकडो मुली केडगावला आणल्या. अत्याचारातून आलेल्या बायकांसाठी तिथे कृपा सदन वेगळं काढलं. मुलींना त्यांनी छापखान्यात, मागावर, शेतात काम शिकवलं, म्हणजे त्या आपल्या पायावर उभ्या राहतील. एका रविवारी केडगावला जाऊन ये. पुणे-दौंड लोकल तिथे थांबते. आपण ज्या कामाला ‘आउटरीच’ म्हणतो ते मराठी बाईने सव्वाशे वर्षांपूर्वी केलंय, आणि त्यातली अवघड जागाही तेव्हाच समोर आली होती, हे तिथे फिरताना जाणवतं.

आणि योहानाचा चौथा अध्याय पुन्हा वाच. विहिरीवरच्या त्या शोमरोनी बाईपाशी येशू काही द्यायला बसत नाही, आधी मागतो. पाणी. पाच नवऱ्यांचा विषय फार नंतर येतो. मी नव्या मुलींना एवढंच सांगते की पहिले दोन आठवडे काही देऊ नका, त्यांच्याकडून काहीतरी घ्या. भाकरी थापायला शिका, नेपाळी गाणं शिका, कानडीतले आकडे शिका.

घरच्यांची भीती. थोडी बरोबर आहे, बरीचशी नाही. गल्लीत भर दुपारी संस्थेचं ओळखपत्र गळ्यात असलेल्या मुलीला कुणी हात लावत नाही, बायकाच आधी अंगावर जातील. धोका आहे तो तुझ्या मनाला आणि तुझ्या मोबाइलला. स्वतःचा नंबर कुणाला देऊ नकोस, फोन खाली ऑफिसात ठेवून वर जा. रात्री झोप लागेनाशी झाली तर ते लपवू नकोस. आईला सांग की संस्थेत फोन करून विचारा: मुलगी कधी एकटी वर जाणार का, तिच्यावर लक्ष ठेवणारी बाई कोण, स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी होते का, मुलांच्या संरक्षणाचं लेखी धोरण आहे का, निवारागृह असेल तर बाल न्याय कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का. यातल्या कशाचंही उत्तर ‘आपण सगळे विश्वासणारेच आहोत’ असं आलं, तर नको जाऊस. दुसरी जागा शोधू.

परदेशातल्या मंडळीचा गटही त्याच वेळी येतोय असं तू लिहिलंयस. बरी माणसं असतात, मनापासून येतात. पण पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, ही त्यांना आधी सांगण्याची गोष्ट. आणि फोटो. मायदेशी मंडळीला दाखवायला फोटो हवाच असतो. पॉक्सोत किंवा बाल न्याय कायद्यात येणाऱ्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, पाठमोरा फोटो असला तरी जिना ओळखू येतो. एका मुलीचा फोटो असाच फिरत फिरत तिच्या गावच्या पोरांच्या मोबाइलवर पोचला होता. तेव्हापासून मी पाहुण्यांचे फोन पिशवीत जमा करून घेते, मग ते रुसोत.

शेवटचं. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांग की मी अमुक तारखेला जाणार. पोरांना तर कॅलेंडरवर गोल करून दाखव. ‘परत येईन’ म्हणू नकोस, तिकीट हातात असेल तरच म्हण. इथल्या प्रत्येक पोराने ते वाक्य कुणाकडून ना कुणाकडून ऐकलेलं असतं.

बरोबर आण: सुती ओढण्या दोन, चपटी चप्पल (त्या जिन्यावर टाच अडकते), निळं-काळं पेन चार, स्टेपलर, स्वतःच्या ओळखपत्राच्या झेरॉक्स, पाण्याची बाटली. वर गेल्यावर चहा येईल, कप चिरलेला असेल, साखर भरमसाट. नाही म्हणायचं नाही.